जिभेचं वजन

हाव्हरच्या पूर्वेला, हायवे दोनवर, माझं दुकान.
वाऱ्याने पाटी वाकली आहे,
पण 'हिच' एवढं वाचता येतं, आणि तेवढं पुरतं.

टोबायस आला तो ऑक्टोबरात.
मागे भाड्याचा ट्रेलर, ताडपत्री करकचून बांधलेली,
गाडीचं नाक आभाळात, ढुंगण रस्त्याला.
"क्लास थ्री बसवलाय," उतरायच्या आधीच म्हणाला,
"आठ हजार पौंड ओढतो."

हिच ओढतो रे.
गाडीला विचारलंस?

इयत्ता पाच असतात.
पहिलीत सायकली आणि एखादी हलकी होडी, दोन हजार.
दुसरीत साडेतीन. तिसरीत आठ. चौथीत दहा.
पाचवीत घोडे असतात, त्यांचा चारा, त्यांचं पाणी,
तिथे भोकसुद्धा अडीच इंचाचं.
पण वरच्या वर्गात बसवलं
म्हणून पोराला पाढे येत नाहीत.

कप्प्यातलं पुस्तक काढायला लावलं.
अजून प्लास्टिकमध्येच होतं.
गाडी: साडेतीन हजार.
बॉलवर कोरलेलं: पाच.
हिचवर: आठ.
यातला सगळ्यात लहान तो तुझा, मी म्हणाले.
बाकीचे दोन नुसते शेजारी.

समोरच्या धान्याच्या काट्यावर ट्रेलर नेला.
बेचाळीसशे.
टोबायस काट्याकडे असा बघत राहिला
जसा काही काटाच खोटं बोलतोय.

मग जीभ.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
ट्रेलरची जीभ मात्र सगळी हाडच,
आणि ती किती जड पडते यावर सगळा प्रवास.
हलकी पडली तर ट्रेलर उतारावर शेपटी हलवतो,
जड पडली तर पुढची चाकं रस्ता विसरतात.
माझ्याकडे न्हाणीघरातला वजनकाटा आहे,
एक फळी, एक पाइपचा तुकडा.
काटा दाखवेल त्याला तीनने गुणायचं.
दोनशे चाळीस.
त्याने मनात गुणलं. ओठ हलले.

"काय काय आहे आत?"
बाबांचं सगळं, म्हणाला. बाबा नाल मारायचे,
चिनूकपासून इथपर्यंतच्या घोड्यांना.
जूनमध्ये गेले.
पुढे ओतीव लोखंडाची शेगडी: चारशे.
ऐरण: एकशे साठ.
नालांची पेटी: एकशे चाळीस.
"आणि चाललास कुठे?"
स्पोकेन. फ्लॅट आहे.
"कितवा मजला?"
तो थोडा वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, तिसरा.

दोघांनी मिळून उतरवलं.
माझ्या शेडमध्ये जागा आहे:
कुणाचं शिवणयंत्र, कुणाचा फ्रीझर,
एक चर्चचा बाक, दोन जाती.
सगळ्यांनी सांगितलंय, वसंतात येऊन नेतो.
एक जण खरंच आला होता,
पण त्याला आपली वस्तू ओळखता आली नाही.

पुन्हा फळी, पुन्हा काटा.
एकशे पंधरा. गुणिले तीन.
गाडीने नाक खाली घेतलं,
समजूत पटलेल्या माणसासारखं.

साखळ्या जिभेखाली फुलीत बांध, म्हणाले,
निसटलीच तर झोळीत पडेल, रस्त्यावर नाही.
त्याने बांधल्या. खाली वाकून तिथेच जरा जास्त थांबला.

"ब्रेक दाब."
उजवा लागला.
"पुन्हा दाब."
डावाही लागला.
मी हात केला. तो गेला.

ऐरण मी शेडमध्ये ठेवली नाही.
दाराशी आहे, थंडीत दार उघडं धरायला.
येणारे विचारतात, विकायची का?
नाही, म्हणते,
गिऱ्हाइकाची आहे.