एका तासात शंभर

खोकं आलं तेव्हा बाहेर उणे अठरा होतं.
डेल्मरने ते पायरीवर आदळलं आणि दारातूनच ओरडला,
"ऑरिन, तोफ मागवलीस की काय रे?"
मागवलं होतं मी. बापाच्या
एक्याऐंशीव्या वाढदिवसाला.

तळघरातलं त्याचं जुनं प्रेस
एका वेळी एकच काडतूस भरतं.
दांडा खाली, दांडा वर, पुंगळी बदल,
पुन्हा दांडा खाली.
दांड्यावरचा लाकडी गोळा तळव्याने इतका झिजलाय
की अंधारात हाताला लागला
तरी कुणाचा ते कळावं.

नव्याला फिरती थाळी, पाच खाचा.
एकदा ओढलं की पाच जागी पाच कामं
आणि तयार काडतूस टपकन डब्यात.
सोबत चाळीस पानांची पुस्तिका;
बायबल वाचतो तशी वाचली त्याने,
ओळीवर बोट ठेवून.
नव्या पुंगळ्या, अजून एकदाही न तापलेलं पितळ,
आणि काटा नसलेला तराजू,
ज्याच्याजवळ श्वास सोडला तरी आकडा हलतो.
"फार हळवा आहे हा," बाप म्हणाला.
"तुझ्या आत्यावर गेलाय."

शनिवारी बसवलं.
रविवारी चर्चहून आल्यावर चालवलं.
एका तासात शंभर.

त्याने डब्यात पाहिलं. मग घड्याळात.
मग त्या बुटक्या खिडकीबाहेर,
जिची अर्धी काच बर्फाने गिळली होती.
"डिसेंबरच आहे अजून," म्हणाला.

मला वाटलं होतं, त्याचा खांदा दुखतो.
वाटलं होतं, वेळ वाचेल.
वाचलेला वेळ ठेवायचा कुठे
ते त्या चाळीस पानांत नव्हतं.

सहा वर्षांत त्याने एकही गोळी झाडलेली नाही.
आधी डोळा गेला, मग गुडघा,
मग इच्छा.
एल्क आता अंगणात येऊन
बर्फाखालची सडकी सफरचंदं उकरतात
आणि तो त्यांना नावानिशी शिव्या घालतो.
दर शरदात मी दोन डबे नेते,
बाकीचे फळीवर, लेबलं लावून.

लेबलं मी त्या रविवारी पहिल्यांदा वाचली.
तारीख. दारू किती. गोळी कुठली.
आणि खाली, पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
*वारा वायव्येचा. व्हर्नाला खोकला.*
*नळ गोठला.*
*व्हर्ना दोन चमचे सूप प्यायली.*
*कुणी आलं नाही.*
*आज काहीच नाही, वीस भरली.*
डब्यामागे डबा, हिवाळ्यामागे हिवाळा,
आईची शेवटची तीन वर्षं
या फळीवर ओळीने उभी होती,
कोरडी, कुलूपबंद, वापरायला तयार.

आणि टोकाला नवा डबा:
*रविवार. शंभर.*
पुढे लिहायला त्याला सुचलं नव्हतं.

बुधवारी रात्री खालून आवाज आला.
ठक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग ठक्.

दिव्याखाली बसला होता चष्मा चढवून,
हातात तो पोकळ डोक्याचा हातोडा,
चुकलेलं काडतूस उघडायचा.
त्या शंभरांत एकही चुकलेलं नव्हतं.
तो एकेक उघडत होता.
गोळी एका वाटीत, पितळ फळीच्या भोकात,
दारू पुन्हा तिच्या बरणीत, कण न सांडता.
चोवीस झाली होती.
जुन्या प्रेसच्या गोळ्यावरची धूळ पुसलेली.
नव्या प्रेसच्या दांड्याला त्याची कानटोपी अडकवलेली.

"बाबा, हे काय चाललंय?"
"ही नीट भरायचीयेत," म्हणाला.
"नीटच आहेत."
"हो ना," म्हणाला, आणि पंचविसावं उचललं.

मी उलटी बादली ओढून बसले.
किती वेळ, मोजला नाही.
वर फ्रिज घुरघुरला तसा नवा तराजू
रिकामाच असून एक आकडा दाखवून गेला.
बापाने लेबल आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली.
हात थरथरतो हे तो बोलला नाही.

"लिही. बुधवार. वारा पडलेला."
लिहिलं.
"मुलगी चिडलेली."

मी चिडले नव्हते.
पण लिहिलं.