पाव तासाचा हिशेब

आमच्याकडे वेळ पाव तासात मोजतात.
सात मिनिटांचा फोन म्हणजे पाव तास,
सतरा मिनिटांचा अर्धा.
हातचा नेहमी आपल्या बाजूला, असं तार्मो म्हणतो,
आणि मालक तो, त्यामुळे गणितही त्याचंच.

तार्तू शहरात, नदीच्या अलीकडे,
बूट शिवणाऱ्याच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही आठ माणसं सल्ला विकतो.
नगरपालिका विचारतात, मुलं कमी होत चाललीत,
कुठली शाळा बंद करू?
आम्ही तक्ते काढतो. रंग तार्मो निवडतो.
लाल कधीच नाही. फिकट नारिंगी.

मी वीर्वे. मी तक्ते काढत नाही.
सगळ्यांचे तास शुक्रवारी माझ्याकडे येतात,
ते मी गिऱ्हाइकांच्या नावावर मांडते,
उरलेले जातात नव्वद नंबरच्या खात्यात:
अंतर्गत, वसुली नाही.
प्रिंटरमध्ये अडकलेला कागद,
आइनारच्या पोराचा ताप,
आणि दर सोमवारची ती सभा, जिच्यात
कुणी चकार शब्द काढत नाही
आणि तार्मो म्हणतो, छान, सगळे सहमत.

आपण कंपनी नाही, एक होडी आहोत, हेही तोच म्हणतो.
महिन्यातून एकदा तळ्याकाठी, त्याच्या सौनात नेतो.
यायलाच हवं असं नाही.
कोण आलं नव्हतं ते मात्र त्याला पाठ असतं.
आत सगळे सारखे, टॉवेल गुंडाळलेले, घामाघूम,
हुद्दे बाहेर खुंटीला.
फक्त तापल्या दगडांवर पाणी ओतायचा डाव
त्याच्या हातात.
"फार होतंय का कुणाला?"
नाही, म्हणतो आम्ही.

हेलेरिन आमच्यात सगळ्यांत लहान.
मार्चमध्ये तिच्या टेबलावर एक परिशिष्ट आलं:
अकरा शाळा, पटसंख्या, छपराचं वय.
सातव्या ओळीत तिचं गाव.
ती बोलली नाही. मला कळलं ते
जिन्यात, फरशी पुसायच्या बादलीशेजारी
ती बसलेली दिसली तेव्हा.
मी घड्याळ पाहिलं. सवय, दुसरं काय.
चौदा मिनिटं.
पाणी विचारलं नाही. खाली उतरले नाही.
आमच्यात तसं करत नाहीत, असं मनाला सांगितलं.

एप्रिलअखेर तिनं राजीनामा दिला.
केक तिनंच आणला, होडीचं भाषण तार्मोनं.
जाताना मार्चचे तास दुरुस्त करून
माझ्याकडे पाठवले होते.
बाकीचे लिहितात: विश्लेषण. विश्लेषण.
विश्लेषण, पुढे चालू.
तिनं लिहिलं होतं:

पाऊण तास. नकाशात माझ्या वर्गाची खिडकी शोधली. सापडली.
पाव तास. जिना.
सव्वा तास. छपराचं वय बरोबर आहे का म्हणून आईला फोन. आई म्हणाली, गळत नाही.
अर्धा तास. 'गळत नाही' कुठल्या रकान्यात लिहू?
पाव तास. पुन्हा जिना. वीर्वे वरच्या पायरीवर उभी होती.

बेरीज तीन तास.
बरोब्बर तीन, हातचा काही नाही.

नियमाप्रमाणे हे नव्वदमध्ये.
मी ते नगरपालिकेच्या बिलात घातलं,
शब्दही न बदलता.
सही करताना तार्मोनं बोट ठेवलं:
"हे खिडकी शोधली म्हणजे काय?"
"स्थळपाहणी," मी म्हणाले.
"मग दर जास्त लाव," तो म्हणाला,
आणि पेनाचं टोपण लावलं.

पंधरा दिवसांत पैसे आले, पूर्ण.
शेवटच्या ओळीसकट.
कोण वीर्वे, कुठली पायरी,
कुणी विचारलं नाही.

शाळेचं काय झालं ते अहवालात आहे.
पान चाळीस, ओळ सातवी.
फिकट नारिंगी.