बोळा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
प्रवाहाच्या काट्यानं मान टाकली.
पंप गुरगुरत होता,
रिकाम्या थाळीपुढच्या कुत्र्यासारखा.
लगदा येत नव्हता.

मी नवा. तीन आठवड्यांचा.
म्हटलं, दाब वाढवू या.
राइलीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.
हातोड्याचा दांडा पाइपला टेकवला,
दुसरं टोक कानाला,
आणि सरकत राहिली फुटाफुटानं,
घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते ऐकत.
पोकळ. पोकळ. पोकळ.
मग वळणापाशी
आवाज बसलेला.

"दाब दिलास की पाणी तेवढं पुढं पळतं.
तंतू मागं राहतात,
एकमेकांच्या गळ्यात पडून.
मग ढकल किती ढकलायचं ते."
बोळ्यानं दूध पीत होतो मी तेव्हा.

पंप बंद. व्हॉल्व्हला कुलूप,
कुलपावर तिच्या नावाची चिठ्ठी,
शेजारी, पहिल्यांदाच, माझ्या.
मग उलट बाजूनं पाणी. कोमट. सावकाश.

बाहेर उणे एकतीस.
केमी नदी गोठून रस्ता झालेली,
अंगणात ओंडक्यांचे ढीग बर्फाखाली.
वाट बघायचं काम मला जमेना.
तिनं थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली
आणि न विचारताच सांगितलं:
भाऊ, ओस्मो, नदीपलीकडं राहतो.
अकरा वर्षं बोलत नाही.
वडलांची होडी.
फोन केले, माणसं घातली मध्ये,
शेवटी रजिस्टर पत्र.
एवढंच. पुढं काही नाही.
झाकण पुसून तिनं परत लावलं.

चार वाजता बोल्ट काढले.
आठवा मला दिला.
"तोंडासमोर उभा राहू नकोस."
आणि तो आला, ओला, जड, पांढुरका,
वळणाचा आकार जसाच्या तसा घेऊन,
कोपरात वाकलेला हातच.
मी नकळत दोन्ही हात पुढं केले.
नखानं कड उचकटून पाहिली.
सुटेना.

राइलीनं तो बादलीत ठेवला,
वर पाणी ओतलं
आणि नळीची जोडणी पुसायला घेतली.

सहाला पाळी संपली तेव्हा
बादलीत नुसतं दुधाळ पाणी.

ती गाडीच्या काचेवरचं बर्फ
बँकेच्या जुन्या कार्डानं खरवडत होती.
फाटकाशी गाडी थांबली.
डावीकडं तिचं घर,
उजवीकडं बर्फावरची वाट, पलीकडच्या काठाची.
उजवा दिवा लुकलुकला,
बराच वेळ.
मग ती डावीकडं वळली.
दिवा मात्र उजवाच चालू,
पार वळणाआड जाईपर्यंत.