नकाशावरची पांदण

पवनीच्या दरवाजातून निघाले तेव्हा सहा वाजून दहा.
तटाच्या जुन्या दगडावर कोणीतरी गोवऱ्या थापलेल्या,
एकेकीवर पाच बोटं.
खंदकात धुकं, धुक्यात एक शेळी.

काल रात्री झिबल हटवारनं मागच्या चाकाची हवा काढली,
अंगठ्यानं टायर दाबून बघितला, म्हणाला,
'मुरूम हाये मॅडम, डांबर नोहे.
टणक चाक उडते. नरम असलं का धरते.'
मी ते वहीत लिहून घेतलं,
ऑफिसात गट नंबर लिहिते तसं.

बावीस वर्षं भूमी अभिलेखात काढली.
हे रस्ते मी आधी कागदावर फिरले आहे:
दुहेरी तुटक रेघ म्हणजे पांदण,
रुंदी तेहतीस फूट.
प्रत्यक्षात एका बैलाएवढी.
बाकीची बांध्यांनी खाल्लेली,
धानाच्या धसकटांत लाखोळी निळी-जांभळी फुललेली,
आणि अतिक्रमण इतकं देखणं
की रविवारी मी ते बघत नाही.

जंगलाच्या नाक्यावर नन्नावरे बाई रजिस्टर उघडतात.
वाहन: सायकल.
नंबर: नाही.
बसणारे: एक.
परतीची वेळ त्या रिकामी सोडतात
आणि पेनाला टोपण लावत विचारतात,
'भेव नाही लागत?'
लागतं, मी म्हणते. म्हणून घंटी वाजवते.

मग फक्त खडी.
फुटाण्याच्या भट्टीतल्या वाळूसारखी
चाकाखाली करकरत राहते.
ऐनाच्या साली भेगाळलेल्या, मोह अजून मुका,
उतारावर तणसाची एक काडी
साखळीत अडकून पुढचे दोन मैल टिकटिकत आली.
ओढ्यापाशी मऊ मातीत
मागच्या रविवारची माझ्याच टायरची नक्षी होती.
तिच्यावर मधोमध एक पंजा,
आवक-जावकचा शिक्का मारावा तसा, नीट.
मी उतरले. खूप वेळ कुठलंच पान हललं नाही.
सातबारावर आमच्या दोघींचं नाव नाही,
पण वहिवाट आहे.

पुढे नदी.
म्हणजे नदी पूर्वी बरीच पुढे होती.
आता धरणाचं पाणी मागे सरत आलंय
आणि पांदण सरळ त्यात उतरते,
गुरं उतरतात तशी, न बिचकता.
काठावर मैलाचा दगड गळ्याएवढ्या पाण्यात.
आकडा खाली राहिला.

उरकुडा मेश्रामचा डोंगा तिथेच बांधलेला असतो.
सायकल आडवी घातली, हँडल पाण्याकडे.
'रस्ता खालून गेला,' तो म्हणाला,
'आपुन वरून जाऊ.'

मीटर तेवीस पूर्णांक चारवर थांबलेलं.
त्याची नात रेवती त्यात डोकावली.
'हे मोजत काहून नाही?'
चाक फिरलं तरच मोजतं, मी सांगितलं.
तिनं थोडा विचार केला,
मग पुढचं चाक हातानं फिरवायला घेतलं,
दळण दळल्यासारखं, जीभ दातांत धरून.
तेवीस पाच. तेवीस सहा.
वल्ह्याचा आवाज आणि आऱ्यांचा.
वाळक्या बाभळीच्या शेंड्यावर पाणकावळे
पंख पसरून बसलेले,
कपडे वाळत घातल्यागत.

आणि मग भर पाण्यात,
जिथे चारी दिशांना नुसतं पाणी,
ना खडक, ना जाळं, ना दुसरा डोंगा,
उरकुडानं वल्हं दाबून
डोंगा डावीकडे वळवला.
लांबलचक, संथ वळण.
मी त्याच्याकडे बघितलं.
'सरळ जाता आलं असतं,' मी म्हणाले.

'कसं जाऊ?
इथी भेंडारकराचं वावर आडवं येते.'

काही बोलले नाही.
घरी येऊन जुनी शीट पसरली,
कोपऱ्यांवर झिबलचा पाना आणि दोन वाट्या ठेवल्या,
बोट रेघेवरून नेत राहिले.
गट नंबर एकशे बारा, भेंडारकर.
येतं.