बारा इंची बकेट

सेलूच्या बायपासला, मुजीबभाईच्या वर्कशॉपात
साखळीला तीन लोखंडी हात टांगलेले:
नऊ इंची पंजाचा, बाराचा, अठराचा.
ट्रॅक्टर मपला छोटा, चोवीस हॉर्सपॉवरचा,
कापसाच्या दोन ओळींत मावणारा.
आप्पा वेल्डिंगकडे पाठ करून उभा.

पत्रकावर लिहिलं होतं, खोली साडेसात फूट.
आप्पानं ओठांतल्या ओठांत मोजलं आमच्या बोलीत,
मग मराठीत सांगितलं: सव्वा परस.
बेचाळीस विहिरी उतरलेला माणूस,
फुटांवर त्याचा कधी भरवसा नाही.

मला अठराची हाव.
एका घासात निम्मा खड्डा,
मोसंबीचे शंभर खड्डे दिवसाला.
मुजीबभाई हसला, "बहन, मुँह बडा लिया
तो ताकद भी बडी लगती. पंप तेरा कित्ता तेल फेकता?"
आणि ओल असली की काळी माती
रुंद बकेटीत अशी बसते, जशी माहेरी आलेली,
झटकली तरी निघत नाही.
मग नऊची?
"पाइपाला बरी," आप्पा म्हणाला,
"पण जोड गळाला तर चरात माणूस कसा उतरंल?"

बाराच्या दातांवरून त्यानं बोट फिरवलं.
"बदलून भेटतेत का?"
"मिलते ना चाचा, तीनसौ का एक."
आप्पाची जीभ आतल्या आत
पुढच्या फटीपर्यंत जाऊन आली.

स्वस्तातलंही एक होतं.
मागं तीन ठिकाणी नुसतं अडकवायचं,
चाळीस हजार कमी.
आप्पा वाकला, ट्रॅक्टरच्या पोटाखाली बघत राहिला.
"खणताना जोर कुठं येतो?"
कुणी बोललं नाही.
"कंबरंत," तोच म्हणाला. "पाय रोवलेले नसले की
समदा कंबरंत."
परभणीच्या दवाखान्यातला त्याचा पट्टा
सदऱ्याखालून बाहेर आला होता.

मग पुढच्या एक्सलपर्यंत जाणारी चौकट ठरली,
जमिनीत रोवायचे दोन पाय ठरले,
चहा झाला, विसार दिला.

आणायला गेलो त्या दिवशी आप्पानं पहार
सीटच्या मागं बांधली, ट्यूबच्या रबरानं.
मला वाटलं, सवय.

ढेंगळीच्या शिवारात तिसऱ्या दिवशी
चार फुटांवर बकेट खरडली.
लिव्हर मनगटापर्यंत थरथरला.
"इंजीन बंद कर."
पहार घेऊन तो आडवा होत चरात उतरला,
बारा इंचांत, कसाबसा.
एकदा मारली. थांबला.
पुन्हा मारली, मान कलती करून.
मुरूम वेगळा बोलतो, मांजऱ्या वेगळा,
काळा पाषाण बोलतच नाही, पहार परत फेकतो.
एवढं मलाही माहीत आहे.
त्यानं काय ऐकलं, ते सांगितलं नाही.

"दोन हात हिकडं घे," म्हणाला,
आणि वर यायला
एक हात पुढं केला.