या शब्दाचं पुल्लिंग

लॉस अलामिटोसच्या धावपट्टीलगत आमची इमारत.
पहाटे चारला दार उघडलं की आधी वास,
यीस्टचा, साखरेचा, ओल्या पुठ्ठ्याचा.
मग भिंतीपल्याडची घरघर:
लाखो माश्या एकदम जाग्या होतायत.

कोष येतात ग्वातेमालाहून, किरण देऊन,
वर गुलाबी पूड चोळून.
माशी कोष फोडते ती डोक्यानं.
कपाळातून एक फुगा काढते, धडका देते,
आणि फुगा आत जाताना
चिमूटभर गुलाल सोबत नेतो.
तो जन्मभर राहतो.
जन्म म्हणजे आठवडा, फार तर दोन.

कराडहून आत्यानं विचारलं होतं,
नक्की काय करतेस गं तू तिथं?
म्हटलं, फळमाशीचे नर सोडतो, विमानातून.
साधे नाही, वांझ...
आणि अडले.
वांझ गाय असते, जमीन असते,
बाई तर असतेच.
पुरुषाला हा शब्द लावलेला मी ऐकला नाही.
नपुंसक म्हणावं तर ते खोटं.
हे पानाखाली जागा धरतात, पंख थरथरवतात,
मादीला पटवतात, सगळं रीतसर होतं.
फक्त अंड्यातून कोणी येत नाही.

आत्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, असे असायचे की गं.
आम्ही नाव बायकोचं घ्यायचो.
फोन ठेवल्यावर मला आठवलं,
तिच्या सवतीलाही काही झालं नव्हतं.

माझं काम जांभळ्या दिव्याखाली.
ओफेलिया झाडांवरचे सापळे उतरवून आणते,
मी एकेक डोकं चिमट्यानं चिरडते.
चमकलं, तर आपला.
न चमकलेलं
मी चौदा वर्षांत तीनदा पाहिलं होतं.

चौथं मंगळवारी.
दिवा जवळ घेतला, लांब घेतला, चष्मा पुसला.
मादी. पोटात अंडी,
तांदळाच्या कण्यांसारखी.
तिला आमच्यातला कोणी भेटला होता का,
ते वरची प्रयोगशाळा सांगेल.
मी चिठ्ठी उलटून पत्ता वाचला:
गार्डीना, माझीच गल्ली,
मिसेस ओकुबोंचं पर्सिमनचं झाड.

दर नोव्हेंबरला त्या फळं सोलून
गॅरेजमध्ये दोऱ्यांवर टांगतात,
रोज एकेक फळ बोटांनी चोळतात, महिनाभर.
पिशवीभर मला देतात कच्ची.
मी कोशिंबीर करते, दाण्याचं कूट घालून.
आवडली म्हणतात. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

फोन उचलला आणि ऑफिसलाच लावला.
दुसरीकडे लावायचा विचार
आला नव्हता असं नाही.

गुरुवारी पिवळ्या जाकिटातली पोरं आली,
शिड्या, काळ्या पिशव्या.
नम्र होती. फांदी मोडली तेव्हा सॉरी म्हणाली.
दुपारपर्यंत झाडावर नुसती पानं,
गॅरेजमध्ये नुसते दोरे.

शनिवारी विमान नेहमीपेक्षा खालून गेलं,
दुप्पट माल घेऊन.
आम्ही दोघी कुंपणाशी उभ्या होतो.
त्यांच्या स्वेटरच्या बाहीवर एक उतरला,
अजून थंडीनं बधिर,
पंखांवर खाकी नक्षी.
चावतो? म्हणाल्या.
नाही.
मग करतो काय?
मी सांगितलं. इंग्रजीत पटकन जमलं,
तिथे त्या शब्दाला लिंग नाही.

त्यांनी बाही डोळ्यांजवळ नेली.
उन्हात रंग दिसत नाही.
बिचारा, म्हणाल्या,
की झाडाला म्हणाल्या, कळलं नाही.
मग हलकी फुंकर घातली.
तो जरा लडबडला,
आणि गेला पलीकडच्या लिंबाकडे.