मोजे, चाळीस जोड

एमेट थॅक्स्टनच्या वह्या मी एकतीस वर्षं लिहिल्या,
ओडेसात, टायरच्या दुकानावरच्या खोलीत.
टाइपरायटरच्या कळा रोज सकाळी पुसाव्या लागत
आणि खिडकी उघडली की आत यायचा
कुजक्या अंड्यांचा वास.
सगळं गाव त्याला पैशाचा वास म्हणे.
तो म्हणायचा, गंधक आहे, लोरेना, खिडकी लाव.

पहिल्याच डिसेंबरात एक बिल आलं:
लोकरीचे मोजे, चाळीस जोड.
कुठल्या खात्यात टाकू, मी विचारलं.
"ड्रिलिंग,"
आणि तो परत दगडाकडे वळला.

दगड म्हणजे चुरा.
दर दहा फुटांना वर येणारा, चिखलात लडबडलेला.
तो चाळणीत धुवायचा, तांदूळ धुवावेत तसा,
पाणी निवळेपर्यंत.
मग एक कण जिभेवर.
मग काळ्या पेटीत जांभळा दिवा.
तेल असेल तर कण पिवळे उजळत,
रस्त्यात उभ्या कोल्ह्याचे डोळे जसे.
नसेल तर नुसता दगड,
पंचवीस कोटी वर्षांचा,
ज्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही.

बहुधा नसायचंच.
पैसे लावणारे दंतवैद्य आणि कापूसवाले म्हणत,
थॅक्स्टन दगडालाही पाझर फोडेल.
वह्या माझ्याकडे होत्या.
नऊ विहिरींत एक.

कोरियाबद्दल तो एकदाच बोलला.
त्र्याहत्तर साली, एका कोरड्या विहिरीवरून परतताना;
सिमेंटचा ट्रक आमच्या समोरून
ती बुजवायला चालला होता.
म्हणाला, तिथे डोंगरावर जमीन खणताच येईना.
कुदळ मारली की ठिणगी.
एकोणीस वर्षांचा होतो,
वाटलं, पृथ्वीनं दार लावून घेतलंय.
हॅरल्सनला पुरायचं कुठे?
ताडपत्री टाकली त्याच्यावर.
मग थोडा वेळ फक्त इंजिन.
मग म्हणाला:
"त्याचे मोजे मी काढून घेतले.
माझे ओले होते."
रेडिओवर कापसाचे भाव चालले होते.
त्यानं आवाज वाढवला.

(डाव्या पायाची तीन बोटं नव्हती त्याला.
मोजे मिळाले, पण उशिरा मिळाले असावेत.
मी कधी विचारलं नाही.)

शहाऐंशीत भाव दहा डॉलरवर आला.
रिग लिलावात गेली, भंगाराच्या वजनानं.
बँकेचा माणूस माझी खुर्चीसुद्धा मोजून गेला.
तेल जमिनीतच राहिलं,
तूप तर कधी नव्हतंच,
आणि धुपाटणं होतं तेही गहाण.
एमेट दारात उभा राहून
ट्रकवर चढणारे पाइप बघत होता.
एकेका पाइपची लांबी पुटपुटत होता,
जणू अजून खाली सोडायचे आहेत.

त्या डिसेंबरात बिल आलं:
मोजे, सहा जोड.
उरलेली माणसं सहाच.
वर्षभरात एक फूट ड्रिलिंग झालं नव्हतं.
मी ते ड्रिलिंगमध्येच टाकलं.
ऑडिटरनं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं,
मी खोडरबरानं पुसलं.
एकतीस वर्षांतली माझी एवढीच अफरातफर.

पुढे जरा सावरलं, दोन विहिरी लागल्या,
आणि ब्याण्णवमध्ये ह्यूस्टनच्या पोरांनी कंपनी विकत घेतली,
नाव ठेवलं, माणूस ठेवला नाही.
शेडमधल्या चुऱ्याच्या पिशव्या,
हजारो, प्रत्येकीवर खोली लिहिलेली,
त्यांनी एका दुपारी कचऱ्यात ओतल्या.
मी एक उचलली.
का तीच, ते सांगता येणार नाही; हाताशी होती.

आता ती मिठाच्या बरणीशेजारी असते.
जावई विचारतो, हे काय?
नऊ हजार तीनशे चाळीस फूट, मी सांगते.
त्याखाली त्याचं तिरकं, घाईचं अक्षर:
काही नाही.
दोनदा पाहिलं.